लॅटिन अमेरिकेतील देशांकडे एवढी नैसर्गिक संपत्ती असूनही ते मागे का पडले? परकीयांनी लुटले म्हणूनच ना?

स्पॅनिशभाषक अमेरिकेतील सगळ्या देशांना एकच कारण लावणे मला पटत नाही, कारण बोलिव्हियाच्या चांदीची आणि कथिलाची कथा वेगळी आहे, तर अर्जेंटिनाच्या गव्हाची आणि मांसाची वेगळी. म्हणून मी १८४० ते १८७९ या काळातील पेरूपुरतेच उत्तर देतो. ‘परकीयांनी लुटले’ हे स्पष्टीकरण येथे चटकन सुचते, परंतु हिशेब पाहू लागल्यावर ते फार काळ टिकत नाही.

पेरूची त्या काळातील संपत्ती म्हणजे ग्वानो, अर्थात समुद्रपक्ष्यांची विष्ठा. राजधानी लिमाच्या दक्षिणेस पिस्को बंदरासमोर चिंचा नावाची तीन लहान बेटे आहेत. थंड सागरी प्रवाहामुळे तेथे माशांची रेलचेल असते आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांची वस्ती लाखांत असते, पण पाऊस जवळजवळ पडतच नाही. त्यामुळे विष्ठेतील नत्र वाहून न जाता थरावर थर साचत गेले, आणि काही ठिकाणी हे थर तीस मीटरहून जाड झाले होते. इंका काळापासून डोंगरउतारावरील शेतीसाठी हे खत वापरले जात होते; युरोपातील शेतकऱ्यांना मात्र त्याचा खरा गुण १८४० नंतर कळला. ते काढण्यासाठी ना खाण लागत होती ना यंत्र. मजूर कुदळीने थर फोडत, हातगाड्यांतून कड्यापर्यंत नेत आणि तेथून कापडी नळ्यांवाटे खाली नांगरलेल्या जहाजांच्या पोटात सोडत. अमोनियाच्या उग्र धुळीने डोळे आणि घसा जळत असे. चाळीस वर्षांत एक कोटी टनांहून अधिक ग्वानो या मार्गाने देशाबाहेर गेले.

हा माल परकीय कंपनीच्या मालकीचा नव्हता, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने हाच मुद्दा निर्णायक आहे. पेरूच्या सरकारने ग्वानोची मालकी आरंभापासून स्वतःकडे ठेवली होती. १८४० च्या दशकापासून १८६१ पर्यंत ब्रिटनमधील विक्री लंडनच्या अँटनी गिब्ज अँड सन्स या पेढीकडे होती, पण तिची भूमिका आपल्याकडील बाजार समितीतील अडत्यासारखी होती. माल सरकारचा, पेढीने तो विकायचा, भाडे, विमा, हमाली आणि अडत कापून घ्यायची आणि उरलेल्या रकमेची पट्टी लिमाला पाठवायची. अडत्याच्या व्यवहारातील दोषही त्यात होतेच. खर्च कमी करण्यात पेढीचे काही हित नव्हते, आणि सरकारने माल विकण्याआधीच उचल मागितली की ती व्याजाने मिळे. तरीही अर्थतज्ज्ञ शेन हंट यांच्या अभ्यासानुसार अंतिम विक्रीच्या रकमेतील सुमारे ७० टक्के वाटा पेरूच्या तिजोरीत पोचला. खनिजावरील एवढा हिस्सा आजही अनेक सरकारांना मिळत नाही. पुढे ‘हे काम देशी माणसांनाच द्या’ अशी मागणी होऊन लिमाच्या व्यापाऱ्यांना अडत मिळाली. त्यांनीही सरकारला सरकारच्याच मालावर चढ्या व्याजाने उचल देण्याचा धंदा केला, हे येथे नमूद केलेच पाहिजे.

मग पैसा गेला कुठे? हंट यांच्याच हिशेबाप्रमाणे वाढीव उत्पन्नातील निम्म्याहून अधिक रक्कम नोकरशाही आणि लष्कर यांच्या विस्तारावर खर्च झाली, आणि रेल्वेवर साधारण पाचवा हिस्सा. स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात सरकारने ज्यांची गुरे, धान्य आणि रोकड घेतली होती त्यांची देणी फेडण्यासाठी १८५० मध्ये कायदा झाला, पण त्याची अंमलबजावणी करताना खोट्या कागदपत्रांच्या आधारे दावे मंजूर होत गेले आणि अंतर्गत कर्जाचा आकडा दोन कोटी पेसोंच्या पुढे गेला. या घोटाळ्यामुळे राष्ट्राध्यक्ष एचेनिके यांच्याविरुद्ध बंड झाले. बंडाचे नेते रामोन कास्तिया यांनी १८५४ मध्ये, बंड चालू असतानाच, दोन घोषणा केल्या. एक म्हणजे मूळ रहिवाशांवरील वसाहतकालीन डोईपट्टी रद्द, आणि दुसरी म्हणजे गुलामगिरी रद्द, मालकांना प्रत्येक गुलामामागे ३०० पेसो भरपाई देऊन. ही भरपाई अर्थातच ग्वानोच्या पैशातून दिली गेली.

डोईपट्टी रद्द करणे न्याय्यच होते, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु तिच्या जागी दुसरा कोणताही कर बसवला गेला नाही. जमीनदार आणि व्यापारी यांच्याकडून कर घेण्याची यंत्रणा उभी राहिली नाही, कारण तिची गरजच भासत नव्हती. ज्या राज्याचा बहुतांश महसूल पक्ष्यांच्या बेटांवरून येतो, त्याला नागरिकांपुढे हात पसरावा लागत नाही आणि त्यांना हिशेबही द्यावा लागत नाही. माझ्या मते पेरूच्या दुखण्याचे मूळ येथे आहे. १८६६ च्या सुमारास सरकारने पुन्हा डोईपट्टीसारखा कर बसवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा टिटिकाका सरोवराजवळील ह्वांकाने भागात उठाव झाला.

१८६९ मध्ये तरुण अर्थमंत्री निकोलास दे प्येरोला यांनी देशी व्यापाऱ्यांना बाजूला सारून पॅरिसच्या ड्रेफस पेढीशी वीस लाख टन ग्वानोचा करार केला. पेढीने सरकारला दरमहा ठरावीक रक्कम द्यायची आणि परदेशी कर्जाचे हप्तेही भरायचे. अडत्यांच्या विळख्यातून सुटण्याचा हा मार्ग चुकीचा नव्हता, पण तिजोरीत दरमहा पैसे येऊ लागताच सरकारने भावी ग्वानो तारण ठेवून रेल्वेसाठी प्रचंड कर्जे काढली. १८७० चे कर्ज सुमारे १ कोटी २० लाख पौंडांचे होते. १८७२ मध्ये तर ३ कोटी ६८ लाख पौंड उभारायचे ठरले, ज्याला युरोपात फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. अमेरिकन कंत्राटदार हेन्री मेग्ज यांनी लिमाजवळच्या कायाओ बंदराहून अँडीज पर्वतात चढवलेला लोहमार्ग, ज्याचा सर्वोच्च बोगदा सुमारे ४,८०० मीटर उंचीवर आहे, अभियांत्रिकी म्हणून आजही थक्क करतो. पण पैसे संपल्याने तो अर्ध्यावर थांबला आणि डोंगरातील ला ओरोया या गावापर्यंत रूळ पोचायला १८९३ साल उजाडले. तोपर्यंत चिंचा बेटांवरील चांगला माल केव्हाच संपला होता. तेव्हा पेरूच्या दक्षिणेस असलेल्या तारापाका प्रांताच्या वाळवंटातील सोरा (नत्रयुक्त खनिज, जे खत म्हणूनही वापरतात) पेरूचाच असूनही ग्वानोचा प्रतिस्पर्धी बनला होता. १८७६ मध्ये पेरूने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले, तीन वर्षांत चिलीशी युद्ध सुरू झाले आणि १८८३ च्या तहात तारापाका चिलीकडे गेला.

‘लूट’ हा शब्द मला पूर्णपणे खोडायचा नाही; फक्त तो योग्य जागी ठेवायचा आहे. १८४९ ते १८७४ या काळात सुमारे लाखभर चिनी मजूर करारबद्ध करून पेरूत आणले गेले. त्यांतील काहींना चिंचा बेटांवर जुंपले होते, आणि तेथील हालांना कंटाळून अनेकांनी कड्यावरून समुद्रात उड्या घेतल्याच्या समकालीन नोंदी आहेत. ही लूट निश्चितच होती, पण तिचा लाभ पेरूच्या सरकारला आणि किनाऱ्यावरील ऊस-कापसाच्या मळेवाल्यांनाही झाला. युद्धानंतरची स्थिती वेगळी आहे. दिवाळे निघालेल्या देशाला धनकोंच्या अटी मान्य कराव्या लागल्या आणि १८९० मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या पेरूव्हियन कॉर्पोरेशनच्या ताब्यात सरकारी लोहमार्ग ६६ वर्षांसाठी गेले. त्याबरोबर ग्वानोचा मोठा साठा आणि वार्षिक हप्तेही द्यावे लागले. म्हणजे परकीय भांडवलाची घट्ट पकड पेरूवर बसली, पण ती सुबत्ता उधळून झाल्यानंतर.

आणि सगळाच पैसा वाया गेला असेही नाही. अंतर्गत कर्जफेडीतून ज्यांच्या हाती रोखे आले, त्यांच्यापैकी काहींनी ते उत्तरेकडील खोऱ्यांतील उसाच्या मळ्यांत गुंतवले. १८६० च्या दशकात निघालेल्या लिमाच्या बँकांनी याच मळ्यांना कर्जे दिली, आणि साखर हा युद्धानंतरही पेरूच्या निर्यातीचा एक आधार राहिला. मात्र ते मळे मूठभर कुटुंबांच्या हाती होते, आणि जिथे बहुसंख्य लोक राहत होते त्या डोंगराळ पेरूपर्यंत या पैशाचा झरा फारसा पोचलाच नाही.