टॉप गिअरमध्ये इंजिन किती फिरावं?

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांची पत्रं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. हायवेवर इंजिनाचा आवाज चढला की माणूस घाबरतो आणि आवाज उतरला की त्याला हायसं वाटतं. इंजिनाला मात्र आवाजाचं काही नसतं. त्याच्यावर लोड किती आहे आणि तो पेलायला त्याच्याकडे किती दम शिल्लक आहे, यावर सगळं ठरतं. या वेळची बहुतेक उत्तरं याच मुद्द्याभोवती फिरणारी आहेत.

प्रश्न: माझी १९६७ची एमजीबी आहे, ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगात इंजिन कमी फिरवणारा जादा गिअर) नसलेली. ताशी १०० किलोमीटरला आरपीएमचा काटा साडेतीन हजारांवर असतो. शेजारून जाणाऱ्या नव्या गाड्या दोन हजारांच्या आसपास फिरत असतील. माझं इंजिन लवकर झिजेल का?

नाही. इंजिन धडधाकट असेल तर साडेतीन हजारांवर ते दिवसभर चालेल.

याचा हिशेब पिस्टनच्या सरासरी वेगावरून करतात. स्ट्रोक मीटरमध्ये घ्या, दुप्पट करा, आरपीएमने गुणा आणि ६०ने भागा. तुमच्या इंजिनाचा स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर, म्हणजे ३,५०० आरपीएमला पिस्टन सेकंदाला सुमारे १०.४ मीटर वेगाने वरखाली होतो. त्या काळी रोड टेस्ट करणारे मिनिटाला २,५०० फूट, म्हणजे सेकंदाला १२.७ मीटर, ही खूण धरायचे. तुमच्या इंजिनात ती जवळपास ४,३०० आरपीएमला येते. म्हणजे तुम्ही तिच्या बरेच आत आहात.

आता हीच गाडी १२०ने पळवली तर काटा ४,२००वर जाईल. वेग वाढला फक्त २० टक्के, पण पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडला प्रत्येक फेऱ्यात थांबवून उलट फिरवायला लागणारं बल आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ते ४४ टक्क्यांनी वाढलेलं असतं. म्हणून लांबच्या प्रवासात १०० आणि १२० यांत माझ्या लेखी खूप अंतर आहे. ओव्हरटेक करताना १२० गाठलं तर हरकत नाही, तासन्‌तास तिथे राहू नका.

माझा स्वतःचा ठोकताळा असा: ज्या आरपीएमला इंजिन जास्तीत जास्त ताकद देतं, त्याच्या ६० ते ७० टक्क्यांवर निवांत चालावं. तुमच्यासाठी तो आकडा ५,४००, म्हणजे ३,२०० ते ३,८००. तुम्ही बरोबर मधोमध आहात.

नव्या गाड्यांशी तुलना करू नका. त्यांना पाचवा-सहावा गिअर असतो, आणि इंजिन नॉक करायला (आतलं मिश्रण आपोआप भडकून ठोके द्यायला) लागलं तर सेन्सर स्वतःच स्पार्कची वेळ मागे घेतो. तुमच्या गाडीचा टॉप गिअर तेव्हाच्या रस्त्यांसाठी ठरवला होता. गिअर न बदलता चढ चढून जाणं हा तेव्हा गाडीचा मोठा गुण मानला जायचा.

प्रश्न: गाडीला आरपीएम मीटरच नाही. डिफरन्शियलही (मागच्या अॅक्सलमधला गिअरसंच) आधीच्या मालकाने बदललंय असं ऐकतो. नेमकं आरपीएम कसं काढायचं?

एक खडू आणि अर्धा तास पुरे.

आधी चाकाचा घेर. टायरमध्ये ठरलेली हवा भरा, चालवणाऱ्याला सीटवर बसवा. मागच्या टायरच्या खालच्या टोकाला आणि त्याच्याच खाली जमिनीवर खडूची रेघ मारा. गाडी सरळ ढकला, चाकाचे पाच पूर्ण फेरे होऊ द्या, जमिनीवर पुन्हा रेघ मारा. दोन रेघांमधलं अंतर मोजून पाचने भागा. पुस्तकातला टायरचा व्यास वापरू नका, वजनाखाली टायर दबतो आणि दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतो.

मग डिफरन्शियल. पुढच्या चाकांना आडण लावा, मागचं एकच चाक उचला आणि अॅक्सल पक्क्या स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. आता उचललेलं चाक हाताने २० फेरे फिरवा आणि मदतनिसाला प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्यावर) खडूची खूण करून तिचे फेरे मोजायला सांगा. दुसरं चाक जमिनीला धरून असल्यामुळे क्राउन, म्हणजे डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक, निम्माच, म्हणजे १० फेरे फिरतो. शाफ्टचे ४२ फेरे आणि वर थोडंसं झालं तर रेशो, म्हणजे क्राउनच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे, ४.२२. ३९ झाले तर ३.९. लिमिटेड स्लिप (दोन्ही चाकांना एकमेकांपासून मोकळं फिरू न देणारं) डिफरन्शियल असेल तर ही रीत चालत नाही.

१०० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,६६७ मीटर. घेर १.८१ मीटर भरला तर चाक मिनिटाला ९२१ वेळा फिरतं. त्याला ४.२२ने गुणलं की सुमारे ३,९०० आरपीएम. हे टॉप गिअर थेट, म्हणजे एकास एक असेल तेव्हा. नसेल तर त्या गिअरच्या रेशोनेही गुणा.

टायर बदलतानाही हा हिशेब आठवावा. १६५ आर १४ काढून दिसायला छान म्हणून १७५/७० आर १४ घातला तर व्यास ४ टक्क्यांनी कमी होतो, आणि आरपीएम तेवढंच वाढतं.

प्रश्न: मॉरिस मायनर १०००, १,०९८ सीसी. ४.२२चा क्राउन-पिनियन काढून ३.७ घालावा का? १००ला इंजिन फार बोंबलतं.

वरचं उदाहरण तुमच्याच गाडीला लागू पडेल. ४.२२ने ३,९००च्या आसपास येतात, ३.९ने ३,६००, आणि ३.७ने ३,४००. कागदावर ३.७ छान वाटतो. पण चढावर काय होतं ते बघा.

सपाटीवर १००ने जायला अशा गाडीला ढोबळमानाने २० ते २४ अश्वशक्ती लागते. माणसं-सामान धरून गाडी एक टन झाली आणि ४ टक्क्यांचा चढ लागला, तर आणखी सुमारे १५. म्हणजे ३५ ते ३९. तुमचं इंजिन एकूण ४८ अश्वशक्तीचं, तीही ५,१०० आरपीएमला. ३,४००ला पूर्ण अॅक्सिलरेटर दाबून जेमतेम ३७ मिळणार, आणि त्यातलाही काही भाग गिअरबॉक्स आणि अॅक्सलमध्ये जाणार. साध्या चढावर गाडी दम टाकायला लागेल. तुम्ही तिसरा टाकाल. त्याचा रेशो १.४१ आहे, म्हणजे १००ला इंजिन ४,८००वर. ते नको म्हणून तुम्ही ८०वर याल. आवाज कमी करायला निघालात आणि वेग गमावून बसलात.

शिवाय ३.७ने प्रत्येक गिअरमधली ओढ १२ टक्क्यांनी घटते. चढावर गाडी उभी करून पुन्हा निघताना हे पहिल्यांदा क्लचला कळतं.

माझा सल्ला ३.९चा. ओढ साडेसात टक्क्यांनीच कमी होते आणि १००ला ३०० आरपीएम वाचतात. ३.७ फक्त त्यांनी घ्यावा ज्यांनी मोठं इंजिन बसवलंय.

एक गोष्ट विसरू नका. तुमचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो, त्याला डिफरन्शियल बदललेलं कळत नाही. पूर्वी बरोबर दाखवत असेल तर ३.९ घातल्यावर तो ८० दाखवील तेव्हा गाडी खरं तर ८६-८७ने पळत असेल. मीटर नव्याने कॅलिब्रेट करून घेतल्याशिवाय रस्त्यावर काढू नका.

प्रश्न: माझ्या गाडीत ओव्हरड्राइव्ह आहे. पेट्रोल वाचावं म्हणून मी ६०लाच तो टाकतो आणि शक्यतो काढत नाही. हल्ली चढावर बारीक टिकटिक ऐकू येते, टेम्परेचरही वर जातं.

ही टिकटिक ऐकून तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं झालं. टॅपेट चढावरच वाजत नाहीत. अशी टिकटिक बहुतेक वेळा नॉकिंगची असते.

कमी आरपीएम आणि जवळजवळ पूर्ण उघडा थ्रॉटल, इंजिनासाठी याहून वाईट जोडी नाही. प्रत्येक ठिणगीला सिलिंडर भरलेला असतो, पिस्टन हळू हलत असल्यामुळे गरम मिश्रणाला पेटायला जास्त वेळ मिळतो, आणि ते ज्योत पोचण्याआधी आपोआप भडकतं. पिस्टनच्या माथ्यावर हातोडी बसावी तसा तो ठोका असतो. त्यातच ऑइल पंप हळू फिरतोय, बेअरिंगमधला तेलाचा पदर वेगावर उभा राहतो तोही पातळ झालाय. पाण्याचा पंप आणि पंखाही मंदावलेले. तुम्हाला शांत वाटतं तेव्हा इंजिन कण्हत असतं.

हे मी स्वतः अनुभवलंय. भरल्या गाडीने लांबलचक चढ, मी ओव्हरड्राइव्हमध्येच दामटत होतो, आरपीएम दोन हजारांच्या खाली. टेम्परेचरचा काटा हळूहळू चढत गेला. थांबायची जागा नव्हती म्हणून ओव्हरड्राइव्ह काढून तिसरा टाकला. अॅक्सिलरेटर निम्मा सुटला, इंजिन तीन हजारांवर मोकळं फिरायला लागलं आणि त्याच चढावर, त्याच वेगात काटा खाली आला. तेव्हापासून मी गिअर कानाने ठरवत नाही.

तुम्ही एक व्हॅक्यूम गेज, म्हणजे इंजिनाच्या इनटेकमधला व्हॅक्यूम दाखवणारं मीटर, बसवा. सपाटीवर निवांत चालताना तो १४ ते १८ इंच (पाऱ्याचे) दाखवील. चढावर ५-६ इंचांच्या खाली गेला की गिअर खाली घ्या, मग आरपीएम काहीही असो. लोड मोजणारं इतकं साधं उपकरण दुसरं नाही.

आणि तोवर ओव्हरड्राइव्ह ८०च्या आधी टाकू नका. टिकटिक खालच्या गिअरमध्येही राहिली तर स्पार्कचं टायमिंग, डिस्ट्रिब्युटरमधली वजनं-स्प्रिंग आणि पेट्रोलचा ऑक्टेन तपासा. ओव्हरड्राइव्ह चालू ठेवून रिव्हर्स मात्र कधीच टाकायचा नाही. त्यासाठी असलेला स्विच काम करतोय ना, हेही बघून घ्या.

प्रश्न: बीटल १२०० टॉपमध्ये १००ला तासभर चालवली तर चालेल?

चालेल. तिचा स्ट्रोक अवघा ६४ मिलिमीटर, त्यामुळे १००ला सुमारे ३,३५० आरपीएम असूनही पिस्टनचा वेग सेकंदाला ७ मीटरच्या थोडा वर. माझा ६०-७० टक्क्यांचा ठोकताळा इथे लागू पडत नाही. हे इंजिन मुळातच दम कोंडून, म्हणजे हवेची वाट मुद्दाम अरुंद ठेवून, बांधलंय, ते जास्तीत जास्त ताकदीच्या जवळ फिरत राहावं म्हणून. पण थंड करणारा पंखा क्रँकच्या पट्ट्यावर आहे, म्हणून चढावर गाडी मंदावली की लगेच तिसरा. आणि आत तेल फक्त अडीच लिटर असतं, पेट्रोल भरताना दर वेळी काडी काढून बघा.

प्रश्न: ओव्हरड्राइव्ह शोधावा की पाच गिअरचा नवा गिअरबॉक्स बसवावा?

हायवेवरच्या आरपीएममध्ये फारसा फरक नाही. एमजीबीचा लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह ०.८०-०.८२चा, आणि अशा बदलात सर्रास वापरला जाणारा फोर्डच्या टाइप ९ गिअरबॉक्सचा पाचवा गिअर ०.८२चा. दोन्हींनी ३,५००चे २,८००-२,९०० होतात. तुमच्या मॉडेलला कंपनीने ओव्हरड्राइव्ह दिला असेल तर मी तोच घेईन. बहुतेकदा तिसऱ्यातही तो मिळतो, आणि चढ-उतारांच्या रस्त्यावर ते अर्धं पाऊल फार कामाचं असतं. पाच गिअरचा बॉक्स घेताना पहिल्या गिअरचा रेशो आधी विचारा. टाइप ९च्या चार सिलिंडरच्या आवृत्तीत तो ३.६५ आहे, उंच, म्हणजे कमी आकड्याच्या रेशोचं डिफरन्शियल नसेल तर निघाल्याबरोबर दुसरा टाकावा लागतो. बसवताना बॉडी कापायची नाही, आणि जुना गिअरबॉक्स तेल भरून, तोंडं बंद करून जपून ठेवायचा.

प्रश्न: बरोबर ९५ला थरथर सुरू होते, १०५ला जाते. इंजिन की शाफ्ट?

९५ला टॉपमध्ये थरथर आली की त्याच वेगात क्लच दाबून गाडी घरंगळू द्या. थरथर तशीच राहिली तर चाकं, टायर किंवा प्रोपेलर शाफ्ट. गेली तर इंजिन, क्लच किंवा माउंटिंग. खात्रीसाठी गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये तेच आरपीएम गाठून बघा. आधी चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या, मग शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस हाताने हलवून बघा. दोष सापडेपर्यंत ९०ने चालवा, १०५ने नको.