मुलांसमोर त्यांच्या वडिलांचं नाव काढायचं की नाही?

घरातला कर्ता माणूस गेला की काही महिन्यांनी बायका हा प्रश्न घेऊन माझ्यासारख्या समुपदेशकाकडे येतात. "मॅडम, सारखं त्यांच्याबद्दल बोलत राहिलं तर पोरं सावरायची कशी?" नातेवाइकांचा सल्ला ठरलेला असतो : फोटो आत ठेव, कपडे देऊन टाक, पोरांसमोर विषय काढू नको. ते मायेपोटीच सांगतात, पण मला हा सल्ला पटत नाही. का पटत नाही, ते सोलापुरात अक्कलकोट रोडकडच्या एका कुटुंबाच्या अनुभवावरून सांगते. त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताईंचे मालक टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, होते. आषाढात रात्रपाळीला असताना छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. मागे ताई, कॉलेजात जाणारी लेक, पाचवीतला मुलगा आणि सासूबाई. ताई माझ्याकडे आल्या त्या मार्गशीर्षात. मालकांच्या मोबाईलला त्या गुपचूप रिचार्ज मारत होत्या. "नंबर बंद पडला तर कंपनी तो दुसऱ्याला देते म्हणे. त्यांच्या नंबरवर परका माणूस हॅलो म्हणाला तर? मॅडम, मला वेड लागलंय का?"

वेड नव्हतं. त्या वेळेवर शिलाईच्या कामाला जात होत्या, दोन घास खात होत्या, मुलांचा अभ्यास घेत होत्या. फक्त एक गोष्ट त्यांना सोडवत नव्हती.

मुलाशी वेगळं बोलले. घरात सगळे त्याचं कौतुक करत होते, किती शहाण्यासारखा वागतो म्हणून. पप्पांबद्दल काही विचारावंसं वाटतं का, असं विचारल्यावर म्हणाला, "विचारलं की आई रडते. म्हणून विचारत नाही." मग बऱ्याच वेळाने खाली बघत सांगितलं, की रात्री तो तोच मोबाईल चादरीत घेतो, आवाज अगदी बारीक करतो आणि पप्पांचे व्हॉइस मेसेज ऐकतो. एक तर त्याला पाठ होता : "बाळा, माझी पाळी लांबली रे. भूक लागली तर शेंगाचटणी-भाकरी खा, आईला उठवू नको."

एका खोलीत झोपणारी दोन माणसं, एकाच मोबाईलभोवती, एकमेकांपासून लपून. मूल गप्प झालं म्हणजे सावरलं, असं समजणाऱ्या प्रत्येक घराला मला हे सांगायचं असतं. काय बोललेलं चालेल, हे मुलं मोठ्यांच्या चेहऱ्यावरून ठरवतात.

मानसशास्त्रातही बरीच वर्षं उलटं मानलं जायचं. गेलेल्या माणसातून मन हळूहळू काढून घेणं हेच शोकाचं काम, असं मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडने १९१७ साली मांडलं होतं. १९९६ साली डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या अभ्यासकांनी वेगळं म्हणणं पुढे आणलं. बॉस्टनमधल्या आई किंवा वडील गमावलेल्या मुलांच्या अभ्यासात सिल्व्हरमन यांना दिसलं, की मुलं गेलेल्या माणसाशी मनात बोलतात, त्याची एखादी वस्तू जपतात, तो आपल्याला बघतोय असं मानतात. आणि तरीही शाळेत जातात, खेळतात, वाढतात. नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं. पितृपक्षात पान वाढणाऱ्या आपल्या लोकांना हे समजायला जड जाऊ नये.

पुढच्या भेटीत चौघांना एकत्र बसवलं आणि मुलानेच मेसेज लावला. ताईंना हुंदका आवरेना. मुलाने घाबरून मोबाईल बंद केला. तेव्हा ताईंना त्याच्याकडे बघून एवढंच म्हणायला सांगितलं : "मला पप्पांची आठवण आली म्हणून रडते. तू विचारतोस म्हणून नाही." हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक आईला देते. रडणं लपवायची गरज नसते, रडण्याचं कारण मुलाला कळायला हवं. नाहीतर ते स्वतःलाच कारण समजतं.

लेक मात्र भडकली. "सगळे देवमाणूस, देवमाणूस करतात. डॉक्टरांनी बजावूनही तंबाखूचा मावा सोडला नाही त्यांनी. आमचा विचार केला का?" सासूबाईंनी तिला गप्प करायला हात उचलला, मी थांबवलं. फोटोला हार घातला की माणसाचे दोष बोलायचे नाहीत, अशी आपल्याकडे रीत आहे. पण त्या मुलीची माया त्या रागातच अडकली होती. रागावून झाल्यावर तिनेच सांगितलं, की पहिल्या पगारात पप्पांना चप्पल घ्यायचं तिने ठरवलं होतं.

मग गड्डा, म्हणजे सोलापूरची संक्रांतीतली सिद्धेश्वर यात्रा, आला. मालक दरवर्षी पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजांच्या मिरवणुकीत चालायचे, मुलगाही बरोबर असायचा. वर्षाच्या आत सण नाही, असं सासूबाईंचं म्हणणं. मुलाला काय हवंय ते आधी विचारा, एवढं मी सुचवलं. तो भोगीच्या दिवशी काकाबरोबर संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता टाकायला गेला. बाराबंदी गेल्या वर्षीचीच, बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर चढलेल्या. घरी येऊन त्याने आजीला सगळं सांगितलं, पप्पा कुठे उभे राहायचे त्यासकट.

प्रत्येक घरी एवढ्यावर भागत नाही. सहा महिने उलटूनही माणूस अंथरुणातून उठत नसेल, कामधंदा सुटला असेल, आपलं माणूस गेलं हेच मन मान्य करत नसेल किंवा मूल शाळा, खेळ, मित्र सगळंच टाकून बसलं असेल, तर सिव्हिलच्या मनोविकार विभागात किंवा जवळच्या तज्ज्ञाकडे जा. गेलेल्या माणसाकडेच जावंसं वाटतं, जगून काय करू, असे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फुकट असतो, मराठीत बोलता येतं.

ताईंनी सगळे मेसेज लेकीकडून दुसरीकडे उतरवून घेतले. रिचार्ज अजून मारतात, आता उघडपणे. वर्षश्राद्ध जवळ आलंय. मालकांच्या आवडीचं म्हणून ताटात मावाही ठेवायचा, असं सासूबाईंच्या मनात आहे. लेक म्हणते, शेंगाचटणी, कडक भाकरी, हवं ते वाढा, मावा ठेवाल तर मी पानाला नमस्कार करणार नाही. दोघी रोज यावरून भांडतात, आणि भांडताना त्यांचं नाव घेतात. मुलगाही मध्ये पडून आपलं मत देतो.