डेली ग्राइंड म्हणजे आपलं दळणच रे

तू विचारलंयस की इथल्या, इंग्लंडमधल्या लीड्सच्या टीममधला एकजण सुट्टीवरून आला आणि मेलमध्ये 'बॅक टू द डेली ग्राइंड' लिहिलं, म्हणजे तिथे एवढा त्रास आहे का, येऊ की नको. अरे ये. ग्राइंड म्हणजे दळणं, आपण नाही का म्हणत 'तेच दळण चालू आहे', तसंच. फक्त आपलं दळण जास्त करून बोलण्याचं असतं, एकच गोष्ट दहादा उगाळायची, आणि यांचं रोजच्या त्याच त्या कंटाळवाण्या कामाचं. सोमवारी किटलीपाशी कोणी वीकेंड विचारला की 'मस्त, आता बॅक टू द ग्राइंड' म्हणायचं आणि चहा घेऊन सटकायचं. तक्रार नसते ती. पण मॅनेजरसमोर नको. मी पहिल्याच अप्रेझलला 'आय एंजॉय द डेली ग्राइंड' म्हटलेलं, मॅनेजर बाई बघतच राहिली. आणि तुमच्या वयाची मुलं 'ग्राइंड करतोय' असं अभिमानाने म्हणतात ते वेगळं, ते झपाटून मेहनत करणं.

व्हिसाचं सगळं सरकारी साइटवर आहे. बँकेला पत्त्याचा पुरावा हवा आणि घरमालकाला बँकेचं खातं, ते तूही भोगशील. पण मुलगी आहे म्हणालास म्हणून सांगते, शाळेचा अर्ज उतरल्या दिवशी कर. इथे १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असा वयाचा हिशोब, आमचा तिसरीतला पोरगा आठ वर्षांचा म्हणून थेट इयर ४ मध्ये, तेही सात आठवडे घरी बसल्यावर. त्याला वीसपर्यंत पाढे पाठ, इथे त्या इयत्तेत बारापर्यंतच विचारतात, आणि रिपोर्टमध्ये रायटिंगपुढे काय, तर 'वर्किंग टुवर्ड्स', म्हणजे अपेक्षित पातळीला अजून पोचला नाही. त्याला आता आठवतही नाही. मला सलतं अजून, आपण पोराला उगाच मागच्या बाकावर नेऊन बसवलं असं वाटतं.

एकटेपणाचं विचारलंस. येतो, जातो.

परवा आईने फोनवर विचारलं काय चाललंय, म्हटलं काही नाही, रोजचं दळण. फोन ठेवल्यावर पोरगा म्हणतो दळण म्हणजे काय. गिरणी, डबा, त्यावरची नावाची चिठ्ठी, गिरणीवाल्याच्या भुवयांवरचं पीठ, सगळं सांगून झालं, चेहरा कोराच. शेवटी म्हटलं, डेली ग्राइंड. 'ओह, मग तसं सांग ना,' म्हणाला, तेही इंग्लिशमध्ये.

पीठ आणू नकोस, आटा मिळतो इथे. भाजणी आण, दोन किलो तरी.