शिश्नाच्या कर्करोगात जांघेत गाठ लागत नसतानाही तिथे शस्त्रक्रिया का करतात?

तुमच्या वडिलांचा बायोप्सीचा अहवाल आला असून तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: शिश्न पूर्ण काढावे लागेल का, आणि जांघेत हाताला काहीच लागत नसताना डॉक्टर तिथेही शस्त्रक्रिया का सुचवत आहेत. पहिल्या प्रश्नामागची धास्ती मला कळते, कारण मीही तोच आधी विचारला होता. पण या आजारात जिवाचा निकाल बहुतेक वेळा जांघेत लागतो, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नावरून माझे थोरले बंधू आणि मी २०१७ पासून भांडत आहोत, म्हणून हे उत्तर लिहायला बसलो.

मी तेव्हा ५६ वर्षांचा होतो. शिश्नाची पुढची कातडी लहानपणापासून पुरती मागे सरत नसे आणि त्यात काही वावगे आहे असे मला कधी वाटले नव्हते. आधी खाज आली, मग कातडीखाली टणक भाग हाताला लागू लागला आणि त्यानंतर वास येणारा स्राव सुरू झाला. त्या काळात घरातले सगळे झोपल्यावर मी स्वतःची अंतर्वस्त्रे धुऊन पंख्याखाली वाळत घालत असे. इतक्या वर्षांच्या संसारात मी कधी रुमालही धुतला नव्हता, त्यामुळे पत्नीला संशय आला तो त्यावरूनच. नेहमीच्या डॉक्टरांना मी 'खाज येते' एवढेच सांगितले, त्यांनी तपासून पाहण्याचा आग्रह धरला नाही, बुरशीवरचे मलम लिहून दिले आणि मी ते आठ महिने इमानेइतबारे लावले. लाज माझी आणि आळस त्यांचा, असा तो आठ महिन्यांचा हिशेब आहे. या जागेवरची जखम महिनाभरात भरली नाही, तर मलम बदलत बसू नये, तिथला तुकडा तपासायला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटी पत्नीनेच मला मूत्ररोग शल्यचिकित्सकांसमोर नेऊन बसवले. त्यांनी आधी दोन्ही जांघा बराच वेळ चाचपल्या, मग जागा बधिर करून घट्ट कातडीला वरून चीर दिली, तेव्हा कुठे आतला सुमारे अडीच सेंटिमीटरचा खडबडीत व्रण दिसला. 'सुरी लागली की कर्करोग पसरतो,' हा बंधूंचा पहिला आक्षेप त्याच संध्याकाळी आला. बायोप्सीमुळे हा आजार पसरत नाही, आणि बायोप्सीवाचून कोणताही जबाबदार डॉक्टर उपचार ठरवत नाही. अहवालात स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या चपट्या पेशींचा कर्करोग, आणि ग्रेड २ (पेशी किती बिघडल्या आहेत त्याची श्रेणी) असे निघाले. शिश्नाच्या कर्करोगांपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास याच प्रकारचे असतात. एमआरआयमध्ये तो शिश्नमुंडाच्या आतल्या स्पंजासारख्या भागात उतरलेला दिसला, म्हणजे टी२ ('टी' ही गाठ किती खोल गेली आहे ते सांगणारी पायरी).

आता तुमचा पहिला प्रश्न. पूर्ण अवयव काढण्याची वेळ सर्वांवर येत नाही. रोग त्वचेच्या वरच्या थरातच असेल तर फ्लुरोयुरॅसिल किंवा इमिक्विमॉडच्या मलमाने किंवा लेझरने काम भागू शकते. तो पुढच्या कातडीपुरताच असेल तर सुंता पुरेशी ठरू शकते. चार सेंटिमीटरपेक्षा लहान गाठीला काही ठिकाणी ब्रॅकीथेरपी, म्हणजे गाठीतच सुया बसवून दिलेले रेडिएशन, देतात. पूर्वी गाठीपलीकडे दोन सेंटिमीटर निरोगी भाग काढण्याचा दंडक होता, आता काही मिलिमीटरही पुरतात असे दिसून आले आहे. माझे शिश्नमुंड काढून उरलेल्या टोकावर मांडीची पातळ त्वचा लावली. उभ्याने लघवी होते, पण धार फाकते, म्हणून मी बसणेच पसंत करतो. पतिपत्नी म्हणून आमचे जगणे वर्षभराने पुन्हा सुरू झाले, एवढे सांगून हा विषय मी थांबवतो.

खरा वाद पुढे झाला. माझ्या जांघेत काहीच लागत नव्हते आणि सीटी स्कॅनही स्वच्छ होता, तरी शल्यचिकित्सकांनी दोन्ही बाजूंच्या लसिकाग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड, काढण्याचा सल्ला दिला. बंधू म्हणाले, 'गाठ नाही तिथे सुरी कशाला? अवधाण आले तर तेव्हा बघू.' ऐकायला हे शहाणपणाचे वाटते, पण या आजारात ते साफ चूक आहे. शिश्नातून निघणारा रोग जवळपास नेहमी आधी जांघेतल्या लसिकाग्रंथींत जातो, आणि लसिकावाहिन्या शरीराची मध्यरेषा ओलांडत असल्यामुळे कोणत्याही बाजूला जाऊ शकतो. हाताला काही लागत नसलेल्या रुग्णांपैकी साधारण चार-पाच जणांत एकाच्या जांघेत सूक्ष्म रोग आधीच पोहोचलेला असतो, आणि एवढ्या बारीक पेशी कोणत्याही स्कॅनला दिसत नाहीत. नेदरलँड्समधल्या २००५ सालच्या एका अभ्यासात जांघेत रोग पोहोचलेल्या ४० रुग्णांची तुलना होती: गाठ हाताला लागण्याआधीच ज्यांच्या ग्रंथी काढल्या, त्यांच्यातले ८४ टक्के तीन वर्षांनंतर या रोगापासून वाचलेले होते, आणि गाठ येण्याची वाट पाहिलेल्यांत हेच प्रमाण ३५ टक्के होते. चाळीसच रुग्ण होते हे खरे, पण बंधूंचे 'तेव्हा बघू' म्हणजे नेमके काय, ते मला त्या दोन आकड्यांत दिसले.

शस्त्रक्रिया झाली आणि अहवाल आला. दोन्ही बाजूंच्या मिळून १९ ग्रंथी निघाल्या होत्या आणि एकीतही रोग नव्हता. मी तो कागद हातात धरून रडलो. बंधूंनी तो वाचून डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि 'मी काय सांगत होतो?' एवढेच म्हणाले. तेव्हापासून प्रत्येक भेटीत त्यांची नजर आधी माझ्या डाव्या पायाकडे जाते. ग्रंथी काढल्यामुळे पायातला लसिकाद्रव पुरेसा वर चढत नाही. सकाळी पाय जमिनीला टेकवण्याआधी घट्ट मोजा चढवावा लागतो, आणि एखादा दिवस तो राहिला तर संध्याकाळी नडगीवर बोट दाबल्यावर पडलेला खळगा बराच वेळ भरत नाही. जांघेची जखमही एका बाजूला उसवून सहा आठवडे वाहत होती. ही किंमत मोठी आहे, आणि डॉक्टरांनी ती तुमच्या वडिलांना आधीच सांगायला हवी. परंतु निकाल लागल्यानंतर पैज चुकीची ठरवणे कोणालाही जमते. ग्रंथी निकोप आहेत हे त्या काढून तपासल्यावाचून कळण्याचा मार्ग मला कोणी दाखवला नव्हता.

इथे एक कबुली द्यायला हवी, आणि ती मी बंधूंसमोर अजून दिलेली नाही. मार्ग होता. गाठीभोवती किरणोत्सारी द्रव्य आणि निळा रंग टोचून, रोग सर्वांत आधी ज्या ग्रंथीकडे जाईल तेवढीच शोधून काढतात. तिला सेंटिनेल नोड बायोप्सी म्हणतात. ती निकोप निघाली तर बाकीच्या ग्रंथींना हात लावत नाहीत आणि पाय सुजण्याची शक्यताही बरीच घटते. ही तपासणी सराव असलेल्या केंद्रातच विश्वासार्ह ठरते, आणि हा आजार दुर्मीळ आहे: २०२० मध्ये जगभरात याचे सुमारे ३६,००० नवे रुग्ण होते, तर स्तनाच्या कर्करोगाचे २२ लाखांहून अधिक. त्यामुळे असा सराव सगळीकडे नसतो. मी विचारलेच नाही; तुम्ही मात्र विचारा, आणि त्यासाठी दुसऱ्या केंद्रात जावे लागले तरी जा.

हा 'बाहेरच्या नादाचा' आजार आहे असे कोणी घरात कुजबुजले, तर त्याला तिथेच थांबवा. साधारण निम्म्या रुग्णांत लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या एचपीव्ही विषाणूचा संबंध आढळतो, आणि तो विषाणू इतका सर्रास आहे की त्यावरून कोणाचे चारित्र्य ठरत नाही; बाकीच्यांत न सरणारी कातडी, वर्षानुवर्षांचा दाह, लायकेन स्क्लेरोसस हा त्वचारोग आणि तंबाखू ही कारणे पुढे येतात. माझ्या गाठीत विषाणू नव्हता. सिगारेट मात्र तीस वर्षे होती.

आणखी दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पुढे कधी वडिलांच्या जांघेत गाठ लागलीच, तर 'संसर्ग असेल' म्हणून अनेक आठवडे प्रतिजैविके देत थांबू नका, लगेच सुईने तपासून घ्या. गाठी मोठ्या किंवा खाली चिकटलेल्या असतील तर आधी किमो देऊन मग शस्त्रक्रिया करतात. दुसरे म्हणजे, अहवालात 'टी' पुढे काय लिहिले आहे आणि ग्रेड कोणती आहे ते पाहा. टी१ए, म्हणजे खोल न गेलेला रोग, आणि ग्रेड १ असेल, तर जांघेला हात न लावता, पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी काटेकोर तपासणी करत राहणे हाही मान्य पर्याय आहे. तसे असल्यास माझे निम्मे उत्तर तुमच्या वडिलांना लागू नाही. फक्त तेवढे माझ्या बंधूंच्या कानावर जाऊ देऊ नका.