बुडीत, बाधित, विस्थापित आणि टापू

प्रश्न असा : नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बातम्यांत ‘बुडीत’, ‘बाधित’, ‘विस्थापित’ हे शब्द आलटूनपालटून येतात. अर्थ एकच ना?

नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा-धडगावच्या नर्मदाकाठच्या 33 आदिवासी गावांत या शब्दांवर जमिनीचा हक्क ठरत आला आहे.

‘बुडीत’ म्हणजे बुडीत कर्ज, बुडीत मजुरी यांतलाच शब्द. पण धरणाच्या कागदांत पाणी प्रत्यक्ष कुठवर आलं याच्याशी त्याचा संबंध नसतो, आखलेल्या पातळीशी असतो. इथली पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावरची पातळी, 138.68 मीटर, म्हणजे 455 फूट. नर्मदा पाणीतंटा लवादाच्या 1979 च्या निवाड्यानुसार जमीन 455 फुटांपर्यंत संपादित करायची, घरं मात्र 460 पर्यंत. शिवाय फुगवट्यात, म्हणजे धरणामुळे मागे तुंबून चढणाऱ्या पाण्यात, येणारी घरंही. (‘फुगवटा’ असा नेमका शब्द असताना ‘बॅकवॉटर’ का लिहितात कोण जाणे.) म्हणजे एकाच उंचीवरचं घर बुडितात आणि त्याला लागून असलेलं शेत बाहेर, असं होऊ शकतं.

‘बाधित’ याहून व्यापक. 1999 च्या राज्य अधिनियमाचा शब्द ‘प्रकल्पबाधित’. बोलण्यात ‘प्रकल्पग्रस्त’, आणि धरणापुरतं ‘धरणग्रस्त’. मात्र बाधित झालं की जमीन मिळालीच असं नाही. निवाड्यानुसार 25 टक्क्यांहून अधिक जमीन गेली तर कुटुंबाला किमान 2 हेक्टर, आणि सज्ञान मुलगा हे वेगळं कुटुंब. वनजमीन कसणाऱ्याकडे सातबारा नसतो. पाहणीत त्याचं नाव सुटलं की तो ‘अघोषित’, म्हणजे बाधितांच्या यादीबाहेर. शेजारचा ‘घोषित’, उतार तोच, पाणी तेच.

‘टापू’ शब्दकोशात प्रदेश किंवा बेट. खोऱ्यात मात्र पाण्याने वाट तोडलेली जमीन. ती 138.68 च्या वर, म्हणून बुडीत नाही. पण बाजार, दवाखाना, रेशन सगळं होडीवर. काठचा गाळ, वाहत्या पाण्यातली मासेमारी, गुरांची उतरण यांना तर कुठलाच शब्द लागू होत नाही, कारण पंचनाम्यात घर, झाडं, विहीर, जमीन एवढंच मोजतात.

लिहिताना ‘बुडीत’ क्षेत्राला किंवा गावाला लावावा, माणसांना नाही. माणसं बाधित. गाव सोडून पुनर्वसन वसाहतीत गेलेलेच ‘विस्थापित’. टापूवर राहिलेल्यांना तसं म्हटलं की त्यांचं पुनर्वसन झाल्यासारखं वाचलं जातं.