गाडी तापल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते, असे का?

तुमची पेट्रोल गाडी तासभर चालल्यावर सिग्नलला अचानक बंद पडते, सेल्फ जोरात फिरूनही इंजिन सुरू होत नाही आणि अर्ध्या तासाने मात्र काहीच न घडल्यासारखी सुरू होते, असे तुम्ही लिहिले आहे. सेल्फ जोरात फिरतो, म्हणजे बॅटरीला दोष देण्याचे कारण नाही. ती उतरलेली असती, तर नुसती टकटक ऐकू आली असती. माझा पहिला संशय क्रँकशाफ्ट सेन्सरवर, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा फिरतो आहे का हे टिपणाऱ्या सेन्सरवर आहे, कारण जुन्या सेन्सरमधील तारांची जोडणी तापल्यावर सुटू लागते, इंजिन फिरत असल्याचा संकेत ईसीयूला (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाला) मिळत नाही आणि तो ठिणगी व इंधन दोन्ही थांबवतो. पुढच्या वेळी सेल्फ मारताना आरपीएमचा काटा पाहा. तो शून्यावरून जराही हलला नाही, तर हा संशय बळावतो, जरी काही गाड्यांत ही खूण फसवी ठरते. काटा हलत असेल, तर किल्ली ‘ऑन’ करून मागच्या सीटखालून इंधनपंपाची दोनेक सेकंदांची घरघर येते का, ते ऐकावे. ती येत नसेल, तर पंपाआधी फ्यूज आणि रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) तपासावेत, कारण ते काम स्वस्तातले आहे.