काळी चारवरून खाली येताना

उतारवयातल्या आवाजाबद्दल बरीच पत्रं आली. काही गाणाऱ्यांची, काही नुसत्या ऐकणाऱ्यांची. मी बेळगावात गाणं शिकवते, साठी ओलांडली आहे, त्यामुळं यातल्या काही प्रश्नांची उत्तरं मला आधी माझ्या गळ्यावरच शोधावी लागली.

येळ्ळूरहून एक भजनी लिहितात: वय ६७. तीस वर्षं मंडळात चाल सांगतोय. आमची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी हा आमचा सा. पूर्वी वरचा सा सहज लागायचा, आता पंचमाच्या (प) वर गेलं की गळा आवळतो आणि दुसऱ्या दिवशी आवाज बसतो. पट्टी उतरवूया म्हटलं की पोरं म्हणतात, पखवाज काळी चारचा आहे, उतरवला की घुमत नाही. आता आम्ही मागं सरून नुसते टाळ वाजवायचे काय?

मागं सरायचं काही कारण नाही. गळा का आवळतो ते आधी सांगते. वरचा सूर लावायला स्वरतंतू ताणून पातळ व्हावे लागतात. वयानं त्यांचा लवचिकपणा कमी होतो, त्यांच्यातला स्नायू रोडावतो, भोवतीची कूर्चा कडक होत जाते. तंतू पुरेसे ताणले जात नाहीत, मग माणूस मानेचे आणि जबड्याचे स्नायू लावून सूर वर ढकलतो. गाताना एकदा आरशात बघा. मानेच्या शिरा फुगल्या आणि हनुवटी वर गेली, तर सूर गळ्यानं लागत नाही, जोरानं लागतोय. दुसऱ्या दिवशी आवाज बसतो तो त्या जोरामुळं, वयामुळं नव्हे.

पखवाजाचं म्हणणं मात्र खरं आहे. वाद्यांखालचे लाकडी गट्टे सैल करून तो थोडा उतरतो, फार उतरवला की पुडीवरच्या काळ्या शाईचा नाद मरतो. पण पखवाज उतरवायची गरजच नाही. तुमचा अभंग काळी एकमध्ये घ्या. काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार. पखवाज आहे तसा राहतो, फक्त षड्जाऐवजी (सा) पंचमात बोलतो, आणि कानाला तो गोडच लागतो. तुमचा षड्ज काळ्या-पांढऱ्या मिळून सात पट्ट्या खाली येईल. पहिले दोन आठवडे गाणं जमिनीवर आल्यासारखं वाटेल, ओळखीची चाल परकी वाटेल. नंतर त्याच चालीतल्या खालच्या जागा सापडायला लागतात, ज्या तीस वर्षं टाळांच्या गजरात ऐकूच आल्या नव्हत्या.

गजर आणि उंच चाली पोरांना काळी चारमध्येच म्हणू द्या. पेटीवाल्याला दोन अभंगांच्या मध्ये फक्त बोटं सरकवायची आहेत. त्याला काळी एकमधून वाजवायची सवय नसेल तर चार दिवस आधी बसवून घ्या. ऐन सप्त्यात सांगू नका.

टिळकवाडीहून एक श्रोते विचारतात: सत्तरीनंतरचे मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल ऐकताना वय आठवत नाही. चित्रपटात गाणारे मोठमोठे गायक मात्र त्या वयात स्वतःचीच गाणी म्हणताना अडखळतात. फरक गळ्यात आहे की गाण्यात?

मला विचाराल तर निम्म्याहून जास्त फरक गाण्यात आहे.

शास्त्रीय ख्याल गाणारा स्वतःचा षड्ज स्वतः ठरवतो. काळी दोन जड जायला लागली की तो पांढरी दोनवर येतो, पुढं काळी एकवर. तानपुरे त्या सुरात लागतात आणि श्रोत्याला पत्ताही लागत नाही. तार (वरच्या) सप्तकात किती राहायचं, श्वास कुठं घ्यायचा, तान कुठं सोडून द्यायची, सगळं त्याच्या हातात. चित्रपटगीत तिशीतल्या गळ्याच्या मापानं शिवलेलं असतं. त्याची चाल ठरलेली, वरची जागा ठरलेली, आणि ऐकणाऱ्याच्या कानात जुनी ध्वनिमुद्रिका पक्की बसलेली. गायकानं पट्टी उतरवली तरी लोक म्हणतात, पूर्वीसारखं नाही. असं असूनही ८ सप्टेंबर २०२३ ला, नव्वदी पूर्ण झाली त्या दिवशी, आशा भोसले दुबईत रंगमंचावर गात होत्या. या वयात प्रेक्षकांसमोर ताल आणि शब्दफेक सांभाळणं ही काय चीज आहे ते गाणाऱ्यालाच कळतं. वरचे सूर मोजत बसणाऱ्यांचा मला राग येतो.

मन्सूरअण्णा १९१० चे. त्यांना देशभर मोठी मान्यता मिळाली ती बरीच उशिरा, आणि १९९२ पर्यंत ते होते. त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी तालाच्या आवर्तनात गुंफत जाते, एक श्वास संपायच्या आत पुढच्या जागेची तयारी झालेली असते. तिची सगळी भिस्त वरच्या सुरावर नाही, लयीच्या पकडीवर आहे. लयीची पकड सत्तरीत सैल होत नाही, उलट घट्ट होते. त्यांचा उतारवयातला आवाज नीट ऐका: टोकाला किंचित कोरडा, थोडा खरखरीत. पण सूर जिथं टेकायचा तिथंच टेकतो. आवाज म्हातारा झाला होता, गाणं नव्हतं झालं. हा भेद आपल्या भागातल्या श्रोत्यांनी तरी करायला हवा. मन्सूरअण्णांचं धारवाड, गंगूबाईंची हुबळी आपल्यापासून लांब ती किती?

आणि कुमार गंधर्वांचं उदाहरण तर घरातलंच. जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा, १९२४ चा. ऐन तारुण्यात क्षयानं अंथरुणाला खिळवलं, एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं. पुढं जवळपास चाळीस वर्षं ते गायले. लोक म्हणतात, दम पुरत नव्हता म्हणून ते तुकड्या-तुकड्यांत गायचे. मला हे अर्धवट वाटतं. दम कमी असलेले गायक पुष्कळ असतात, त्या तुकड्यांमधली शांतता तितकी बोलकी करणारा एखादाच. वय झालेल्यांनी त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढंच, की श्वास संपेपर्यंत सूर ओढत न्यायचा नाही. थोडा शिल्लक असतानाच सोडायचा.

टिळकवाडीकर, तुम्ही पत्रात असंही लिहिलंय की गायकांचे तरुणपणीचे आवाज जुन्या तबकड्यांवर खूपच टिपेचे वाटतात. तिथं थोडी सावधगिरी बाळगा. त्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणतो खऱ्या, पण मुद्रणाच्या वेळी वेग नेमका तेवढाच असेल असं नसायचं. ऐकवताना वेग जरा जास्त झाला तरी पट्टी चढते आणि आवाज पातळ, कोवळा वाटतो. तीन-साडेतीन मिनिटांत सगळा राग आटपायचा म्हणून ताना पण घाईत. त्याच्याशी सत्तरीतल्या मैफलीची तुलना करणं अन्यायाचं आहे.

निपाणीहून: वीस-बावीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काम केलं. हौशी नाट्यगीतं म्हणतो. वय ५९. दोन महिने आवाज घोगरा आहे. ज्येष्ठमध, मध-आलं सगळं केलं. रियाज वाढवू का?

रियाज पूर्ण थांबवा आणि या आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं जा. घोगरेपणा तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर स्वरतंतू प्रत्यक्ष बघून घ्यायलाच हवेत. नाकातून बारीक दुर्बीण घालून बघतात, काही मिनिटांचं काम असतं. तंबाखूची धूळ, बिडी, मिश्री यांपैकी काहीही आयुष्यात असेल तर अजिबात टाळू नका. बहुतेकदा साधी सूज किंवा गाठ निघते. स्वरतंतूंचा कर्करोग असला तर तो सुरुवातीलाच घोगरेपणानं कळतो, आणि त्या टप्प्यावर उपचार चांगले होतात. दोन महिने ज्येष्ठमध चघळण्यात गेले, आणखी एक आठवडाही घालवू नका.

खानापूरहून एक शिक्षिका: वय ५३. पाळी गेल्यापासून आवाज जाड झालाय. पांढरी पाचमध्ये गायचे, आता वरचे सूर फाटतात. गाण्याच्या बाई म्हणतात रियाज कमी पडतोय. मी रोज दीड तास बसते.

ताई, रियाज कमी पडत नाहीये. पाळी गेल्यावर संप्रेरकं बदलतात, स्वरतंतू थोडे जाड होतात आणि बाईचा आवाज खाली येतो. पुरुषांचं साधारण उलट होतं: म्हातारपणी तंतू बारीक होतात, आवाज पातळ आणि चढा होतो. म्हणून सत्तरीतल्या नवरा-बायकोचे आवाज फोनवर कधीकधी ओळखू येत नाहीत.

मला हा बदल झाला तेव्हा मी दोन वर्षं भांडले. पांढरी पाच सोडायची म्हणजे हार, असं वाटायचं. एका कार्यक्रमात तार गंधारावर (वरच्या सप्तकातल्या ग वर) आवाज दुभंगला आणि पुढचं अर्धं गाणं मी कसं संपवलं ते मला आठवत नाही. घरी आले, तानपुरा पांढरी चारला लावला आणि रडले. तो तानपुरा त्यानंतर वर चढवला नाही. आज मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) माझ्याकडं आहे, तो तिशीत नव्हता.

गंगूबाईंची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. तरुणपणी त्यांचा आवाज बारीक होता. टॉन्सिलवरच्या उपचारानंतर तो भारदस्त, जवळजवळ पुरुषी झाला. त्यांनी जुना आवाज परत आणायची खटपट केली नाही, नव्या आवाजात किराणा घराण्याची आलापी मांडली, आणि आज आपण ओळखतो तो आवाज हाच.

काय करायचं: पट्टी दोन-तीन पट्ट्या खाली घ्या. दीड तासाच्या एका बैठकीऐवजी वीस-वीस मिनिटांच्या तीन बैठका करा. सुरुवातीला अर्धा पेला पाण्यात स्ट्रॉ बुडवून, बुडबुडे काढत ‘ऊ’ धरा आणि सावकाश खाली-वर सरका. मुलांचा खेळ वाटेल, पण तोंडातला दाब मागं फिरून तंतूंना आधार देतो आणि ते ताण न पडता नीट मिटतात. पाच मिनिटं पुरे. वर्गात मुलांवर ओरडणं बंद करा. गाण्यानं जेवढे आवाज बसतात त्यापेक्षा वर्गात ओरडून जास्त बसतात.

शहापूरहून: दही, थंड पाणी आणि आपला दुधाचा गोड कुंदा, गायकानं काय सोडावं?

रात्री उशिराचं जेवण. जेवून लगेच आडवं झालं की आम्ल घशापर्यंत चढतं आणि सकाळी आवाज जड, सारखा खाकरा. दही-कुंद्याचं ज्याचं त्यानं आपल्या गळ्याला विचारावं, मला कुंदा चालतो. आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, दम्याच्या पंपानं आवाज बसू शकतो. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना ‘मी गातो’ एवढं सांगा. पंप घेतल्यावर चूळ भरा.

संकेश्वरहून एक लेक लिहिते: बाबा ८१ वर्षांचे. सप्त्यात अजून अभंग म्हणायचा हट्ट धरतात. आवाज कापतो, मध्येच सूर सुटतो, मागं बसलेली पोरं हसतात. आम्हाला वाईट वाटतं. त्यांना थांबवावं का?

थांबवू नका. सूर सुटतो तो गळ्यामुळं की कानामुळं, ते आधी बघा. या वयात ऐकू कमी येतं. पेटी लांब असेल आणि टाळ कानाशी वाजत असतील, तर त्यांना षड्जच ऐकू येत नसेल. घरी एका शांत खोलीत पेटीवर नुसता सा-प धरून त्यांना दोन ओळी म्हणायला सांगा. तिथं सूर बरोबर लागला तर दोष गळ्याचा नाही. श्रवणयंत्र वापरत असतील तर ते बोलणं ऐकण्यासाठी जुळवलेलं असतं, पेटीचा लांब सूर त्याला कधीकधी गोंगाट वाटतो आणि ते तो दाबून टाकतं. गाण्यासाठी वेगळी जुळणी करता येते का ते विचारा. कवळी सैल असेल तर शब्द घसरतात, तीही बघून घ्या.

सप्त्यात त्यांना पेटीच्या अगदी शेजारी बसवा, भात्याकडच्या बाजूला. टाळकरी दोन हात मागं. पहाटेच्या काकड्याला नको, या वयात गळा मोकळा व्हायला वेळ लागतो, संध्याकाळी म्हणू द्या. एकच अभंग, खालच्या पट्टीत. कंप राहील, राहू द्या. पहिलं चरण ते म्हणतील, दुसरं उचलायला ज्या पोरांना हसू येतं त्यांच्यातलाच एक शेजारी बसवा आणि चाल त्याला बाबांकडूनच आदल्या दिवशी शिकू द्या.